दुष्काळाच्या छायाचित्रांपलीकडे इथिओपियाचे लोक कसे आहेत?

आपण विचारले आहे की, इथिओपिया म्हटले की उपासमारीने खंगलेली मुलेच डोळ्यांसमोर येतात; मग त्या लोकांचा इतिहास, त्यांचा समाज आणि रोजचे जगणे प्रत्यक्षात कसे आहे? मी 2010 ते 2013 अशी तीन वर्षे टाना सरोवराच्या काठी वसलेल्या बाहिर दार या शहरात अध्यापन करत होतो. ऐंशीहून अधिक भाषा बोलल्या जाणाऱ्या त्या देशाचा एकच प्रदेश मी जवळून पाहिला, म्हणून हे उत्तर मुख्यतः अम्हारा लोकांमधल्या वास्तव्यावर आधारलेले आहे.

प्रथम त्या छायाचित्रांविषयी. ती 1984-85 च्या दुष्काळातली आहेत आणि त्यांत लाखो माणसे मेली, हे खरेच आहे. परंतु पाऊस न पडणे हे त्याचे एकमेव कारण नव्हते. 1974 साली सम्राट हाइले सेलासी यांना पदच्युत करून सत्तेवर आलेली लष्करी राजवट, म्हणजे ‘देर्ग’, उत्तरेकडील बंडखोरांशी लढत होती आणि जिथे अन्नाची टंचाई सर्वांत भीषण होती तिथेच युद्धही पेटलेले होते. त्याआधी 1973 साली वोलो प्रांतातला दुष्काळ सम्राटाच्या शासनाने झाकून ठेवला होता आणि त्याच्या पतनाला ते एक मोठे कारण ठरले. तिथले वृद्ध लोक दुष्काळाविषयी बोलताना आभाळाला दोष देत नाहीत, राज्यकर्त्यांना देतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

इतिहासाचा अभिमान मात्र घरोघरी आढळतो. चौथ्या शतकात अक्सूम या उत्तरेकडील प्राचीन राज्याचा राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रेषित मुहंमदांचे अनुयायी मक्केतला छळ टाळण्यासाठी आले तेव्हा त्यांनाही याच भूमीने आसरा दिला. लालिबेला येथे अखंड खडकात कोरलेली अकरा चर्च आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला तिथे पाऊल ठेवताच वरून खाली कोरत जाण्याची ती रीत ओळखीची वाटते. परंतु सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव अडवाचे. 1 मार्च 1896 रोजी अडवा येथे सम्राट मेनेलिक दुसरा आणि राणी ताइतू यांच्या सैन्याने इटलीच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. वादाचे मूळ वुचाले येथील 1889 च्या तहात होते: त्याच्या इटालियन प्रतीत इथिओपियाला इटलीचे संरक्षित राज्य ठरवले होते, अम्हारिक, म्हणजे अम्हारा लोकांच्या भाषेतल्या, प्रतीत तसे काहीच नव्हते. पुढे 1936 ते 1941 या काळात मुसोलिनीच्या सैन्याने देश व्यापला, तरी तिथले लोक त्याला वसाहत म्हणत नाहीत, पाच वर्षांचा कब्जा म्हणतात. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच मेनेलिकने दक्षिणेकडील ओरोमो आणि इतर लोकांचे प्रदेश बळाने जिंकले. माझ्या ओरोमो विद्यार्थ्यांना अडवाचा अभिमान होता, परंतु मेनेलिकचे नाव निघाले की ते गप्प बसत.

आपल्याशी असलेला एक खरा दुवा इथेच सांगतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, ज्याने 1610 च्या सुमारास खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद वसवले आणि ज्याची कबर खुलताबादला आहे, तो मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. मराठीतला ‘हबशी’ हा शब्द त्या देशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. आपल्याकडे तो अनेकदा हिणवण्यासाठी वापरला जातो; तिथे उत्तरेच्या पठारावरचे लोक स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. हे समजल्यापासून तो शब्द मी हलकेपणाने कधीही उच्चारलेला नाही.

कालगणना ही तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी शिकावी लागते. मी ऑक्टोबर 2010 मध्ये उतरलो तेव्हा तिथे 2003 साल चालू होते. तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा ‘पागुमे’ हा तेरावा महिना, असे त्यांचे वर्ष असते आणि नवे वर्ष सप्टेंबरात, पाऊस सरून पिवळी फुले उमलतात तेव्हा सुरू होते. घड्याळ सूर्योदयापासून चालते: आपल्या सकाळच्या सात वाजता तिथे एक वाजतो. आपले पूर्वजही घटका सूर्योदयापासूनच मोजत, त्यामुळे आठवडाभरात मला ती पद्धत अधिक स्वाभाविक वाटू लागली. आडनाव नसते; स्वतःचे नाव आणि पुढे वडिलांचे नाव, एवढेच. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही.

जेवणाचे म्हणाल तर सगळे इंजेराभोवती फिरते. माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळी आळी ‘एमामा’ म्हणजे आई म्हणत असे, टेफ या अत्यंत बारीक धान्याचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवत. मग चुलीवरच्या मिताद नावाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर ते पातळ पीठ कडेपासून मध्याकडे गोल फिरवत ओतत आणि वर झाकण ठेवत. आंबोळीसारखेच हे काम, पण उलटायचे नाही. पृष्ठभागावर पडणाऱ्या छिद्रांना तिथे ‘डोळे’ म्हणतात आणि डोळे दाट पडले नाहीत तर बाई नाराज होत. धुराने त्यांचे स्वतःचे डोळे कायम लाल असत. त्या चविष्ट घासामागे बायकांचे किती कष्ट आहेत, हे कोणी फारसे बोलत नाही. एकाच थाळीत पसरलेल्या इंजेरावर कालवणे वाढतात आणि सगळे त्याच थाळीतून उजव्या हाताने खातात. हरभरा किंवा बाकल्याच्या पिठाचा ‘शिरो’ आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ शोभेल. एखाद्याला आपल्या हाताने घास भरवणे म्हणजे ‘गुर्शा’. तो नाकारणे अपमानकारक समजतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी पंचावन्न दिवस मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी माणसाची तिथे मुळीच गैरसोय होत नाही.

कॉफीचे, म्हणजे ‘बुन्ना’चे, मूळ त्याच देशातले. जमिनीवर ताजे गवत पसरून, धूप जाळून, हिरवे दाणे समोर भाजून, कुटून, जेबेना या मातीच्या सुरईत ती उकळतात आणि अबोल, तोना, बेरेका असे तीन पेले होतात. तिसऱ्या पेल्याच्या नावाचा अर्थ आशीर्वाद असा असल्याने त्याआधी उठून जाणे बरे दिसत नाही. शेजारणींचे तंटे, सोयरिकी, उधारी, सारे काही या बैठकीत निकालात निघते.

तो समाज मला खऱ्या अर्थाने कळला तो एका मृत्यूमुळे. शेजारच्या घरातले गृहस्थ पहाटे वारले. मी सकाळी बाहेर पडलो तेव्हा गल्लीत ताडपत्रीचा मोठा तंबू उभा होता, बाके मांडलेली होती आणि मोठमोठ्या पातेल्यांत स्वयंपाक चालू होता. प्रत्येक पातेल्यावर रंगाने एकच नाव लिहिलेले होते. ते त्या आळीच्या ‘इद्दिर’चे नाव होते. इद्दिर म्हणजे अंत्यविधीसाठी शेजाऱ्यांनी चालवलेली संस्था. दरमहा ठरलेली वर्गणी, हिशेबाची वही, स्वतःचा तंबू आणि भांडी. मृत्यू झाला की घरच्यांना पैसेही मिळतात आणि माणसेही. तीन दिवस त्या घराची चूल पेटली नाही आणि घरातले कोणी एकटे बसले नाही. न येणाऱ्या सभासदाला दंड होतो. ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेले मांस खात नाहीत, परंतु त्या इद्दिरमध्ये दोघेही होते आणि शिरो दोघांनाही चालत होता. बचतीसाठी ‘इकुब’ असते, तिला आपण भिशी म्हणतो; आमच्या कोपऱ्यावरच्या तरुणाने इकुबचा नंबर लागल्यावर जुनी रिक्षा घेतली होती. तिथे रिक्षाला ‘बजाज’च म्हणतात, पुण्याच्या कंपनीच्या नावावरून.

मी परतल्यानंतर तिथे फार वाईट दिवस आले. 2020 ते 2022 तिग्राय प्रांतात युद्ध झाले आणि 2023 पासून अम्हारा प्रदेशातच सरकारी सैन्य आणि ‘फानो’ म्हणजे अम्हारांचे सशस्त्र गट यांच्यात लढाई पेटली. इंटरनेट बंद असल्याने कित्येक महिने खबर मिळत नव्हती. अखेर एमामांशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी माझ्या घरातल्या एकेकाची खुशाली विचारली, प्रत्येक उत्तरावर ‘एग्झियाबेहेर यिमेस्गेन’, देवाची कृपा, असे म्हटले, आणि मग सांगितले की रात्री कोणी घराबाहेर पडत नाही, टेफ फार महागला आहे, इद्दिरची वर्गणी मात्र दर महिन्याला जमा होते आहे.