मुंबईत घरामागच्या छोट्या जागेत तळं करावं का? पाणी वाया जाईल का, डास होतील का?

तुम्ही विचारलंय, की तळमजल्याच्या घरामागे १० बाय १२ फुटांची जागा आहे, तिथे बाग आणि छोटं तळं करायचंय. पण पाणीकपातीच्या शहरात हे बरं दिसेल का, आणि डासांवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना काय सांगायचं? मी मुलुंडला अशाच तळमजल्यावर राहते, आणि मागच्या अंगणात नऊ वर्षांपासून तळं आहे. नक्की करा. फक्त आत्ता एप्रिलमध्ये नळाला पाईप लावून ते भरू नका. बांधकाम आत्ता करून घ्या, पाणी मृगाचं येऊ दे.

आपल्याकडे वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या मागच्या दारावरचा पत्रा फक्त १० बाय ६ फुटांचा आहे, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. ज्या दिवशी १०० मिलिमीटर पडतो, त्या दिवशी एवढ्याशा पत्र्यावरून साडेपाचशे लिटर पाणी गटारात जातं. माझं तळं ४ बाय ३ फूट, दीड फूट खोल, त्यात पाचशे लिटरच मावतं. एका जोरदार पावसात काठोकाठ! पत्र्याला पन्हळ लावा, तिचं तोंड आधी झाकणाच्या ड्रममध्ये आणि ड्रम भरला की तळ्यात. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र सोडून द्या. आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण त्यातून येते.

खड्डा खणण्यापेक्षा जमिनीवर विटांचा हौद बरा. पावसाळ्यात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जमिनीत पाणी वर येतं आणि खणलेल्या तळ्याचं अस्तर खालून फुगून वर उचललं जातं. माझं पहिलं तळं असंच गेलं, जुलैमध्ये. अस्तराला निळी ताडपत्री वापरू नका, उन्हाने दोन वर्षांत तिचे तुकडे पडतात. शेतकरी शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद मागून घ्या. खोली दीड फुटापेक्षा कमी नको, नाहीतर मे महिन्यात पाणी तापतं आणि मासे मरतात. घरात लहान मूल असेल तर वर लोखंडी जाळी हवीच, यात तडजोड नको.

आता डास. पहिल्या वर्षी मी मासे आणायला आठवडाभर उशीर केला. डासांच्या तपासणीला आलेल्या माणसाने खिशातून एक पांढरी वाटी काढली, तळ्यातलं पाणी घेतलं आणि माझ्यासमोर धरली. पांढऱ्यावर वळवळणाऱ्या अळ्या स्पष्ट दिसल्या. त्याने शिकवलं ते मी कधी विसरले नाही. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहत असेल तर ती मलेरियाच्या डासाची. शेपटी वर आणि डोकं खाली असं तिरकं लटकत असेल तर डेंग्यूच्या नाहीतर आपल्या नेहमीच्या घरगुती डासाची. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मासे तळं भरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सोडा. पावसाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे त्याहून जास्त थांबायची गरज नाही.

मासे कुठले? गप्पी सहज मिळतात, दहा-बारा पुरतात, पुढे तेच वाढतात. पण ते इथले नाहीत. तळं जिथून ओसंडतं तिथे बारीक जाळी बसवा आणि जास्त झालेले गप्पी कधीही पवईत किंवा बोरिवलीच्या जंगलातल्या ओढ्यात नेऊन सोडू नका. ते इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला पिकू मासा मिळाला तर त्याहून चांगलं, तोही अळ्यांवर तुटून पडतो. दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे चतुर यायला लागले. त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि तीही अळ्या खातात.

मासे असलेलं तळं डासांचं घर होत नाही. डास होतात ते कुंडीखालच्या ताटलीत, टाकून दिलेल्या डब्यात, उघड्या ड्रममध्ये. ड्रमला घट्ट झाकण आणि तोंडाला कापड हवं. ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतून चालत नाहीत, घासाव्या लागतात. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो, ती सुकल्यावरही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात.

पाणीकपातीची तुमची काळजी योग्यच आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या ७ तलावांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा यांचं पाणी दूरवरून आपल्या नळापर्यंत येतं. त्यामुळे मे महिन्यात पाईपने बाग धुणं मला पाहवत नाही. पण तळ्याचा खर्च मी मोजलाय. भर उन्हाळ्यात माझ्याकडे पातळी दिवसाला अर्धा सेंटीमीटर उतरते, म्हणजे पाच-साडेपाच लिटर, अर्धी बादलीसुद्धा नाही. कुमुदाच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या, पानांनी निम्मं पाणी झाकलं की त्याहूनही कमी. ही भर रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेल्या नळाच्या पाण्याने घालते, म्हणजे क्लोरीन उडून जातं. आठवड्याला तळ्यातल्या दोन बादल्या कुंड्यांना जातात. माशांच्या विष्ठेचं ते पाणी म्हणजे खतच, वेगळं खत मी क्वचितच घालते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीचं पाणी कुंड्यांना चालतं, तळ्यात दोन्ही नको.

तळं ओसंडतं त्या कोपऱ्यात अळू, कर्दळ आणि सोनटक्का लावा. माझ्या सासूबाई गुहागरच्या. त्यांच्या घरी मोरीचं पाणी जायचं तिथे अळू आणि केळ ठरलेलीच, एक थेंब फुकट नाही. तळ्यात कुमुदाबरोबर एका कुंडीत वेखंड ठेवा. जलपर्णी दिसायला कितीही छान असली तरी आणू नका, महिन्याभरात सगळं पाणी व्यापते. कुमुदाला पाच-सहा तास ऊन लागतं, ते नसेल तर फुलांची आशा धरू नका.

बाकीच्या बागेचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात भेंडी, काकडी, दोडका, पडवळ. मात्र कुंड्या विटांवर उचलून ठेवा, मुंबईत रोपं पाण्यावाचून कमी आणि तुंबलेल्या पाण्याने जास्त मरतात. ऑक्टोबरचं ऊन उतरलं की मेथी, पालक, टोमॅटो. मोगरा जानेवारीच्या शेवटी छाटा, मार्चपासून फुलतो. उन्हाळ्यात नवीन काही लावू नका, फक्त लाल माठ. मातीवर चार बोटं पालापाचोळा पसरा आणि दोन झाडांच्या मध्ये बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून झाकून ठेवा. पाणी झिरपत मुळांशी जातं. माझ्याकडचं मडकं मे महिन्यात तीन दिवस पुरतं.

सोसायटीच्या बैठकीला तोंडी वाद घालू नका. पुढच्या वर्षी जुलैमध्ये सगळ्यांना अंगणात बोलवा, पांढऱ्या वाटीत तळ्याचं पाणी काढून दाखवा, आणि मग त्यांच्याच गॅलरीतल्या ताटल्यांमधलं. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यानंतर माझ्याकडून वीस गप्पी नेले.