जुन्या ग्रामीण कथेतली ‘इर्जिक घातली’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की एका जुन्या ग्रामीण कथेत म्हातारी ‘इर्जिक घालते’, पुढे भल्यामोठ्या स्वयंपाकाचं वर्णन येतं, मग इर्जिक म्हणजे गावजेवण का? जेवण त्यात असतंच, पण मूळ गोष्ट आहे काम. ज्याचं शेत अडलंय त्याने भावकीला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक द्यायची. त्यांनी आपापली औतं किंवा विळे घेऊन यायचं आणि दिवसभरात त्याचं काम उरकून द्यायचं. मजुरी नाही. शेतमालकाने सगळ्यांना पोटभर आणि चांगलंचुंगलं जेवू घालायचं, एवढंच.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द रोजचा होता. आदल्या दिवशी संध्याकाळी घरोघर सांगावा जायचा, ‘उद्या आमच्यात इर्जिक हाय, या बरं का.’ दिवस उगवायच्या आत माणसं रानात. ज्वारीची काढणी असेल तर एकेकाने पात, म्हणजे आपल्या वाट्याची पिकाची ओळ, धरायची, एकाने भलरी सुरू करायची आणि बाकीच्यांनी मागून सूर ओढायचा. गाण्याच्या ठेक्यावर पात सरकते, मागे पडणाऱ्यालाही चेव येतो. घरी बायकांचं पुरण शिजत असायचं, नाहीतर मटणाचा रस्सा. हरळी-कुंद्याचं तण माजलेलं काळं रान असेल तर लाकडी नांगराला दोन-दोन, तीन-तीन जोड्या लागत. एवढे बैल एका दावणीला कुठले? अशा वेळी इर्जिकीवाचून गत्यंतर नसे.

हिच्याशी दोन-तीन शब्दांची गल्लत होते. सावड, पैरा, वारंगुळा यांत परतफेड ठरलेली असते: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एक-एक बैल असलेले दोघे सावड करून जोडी जुळवतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागात भातखाचरं करायला माणसं एकत्र येतात, त्या पद्धतीला पडकई म्हणतात. इर्जिकीत असा हिशोब कोणी मांडत नाही. उपकार आणि कर्तव्य यांच्या मधली ही जागा आहे, आणि कथाकाराला ती फार उपयोगी पडते, असं मला वाटतं. एकट्या बाईच्या हाकेला माणसं आली तर गाव तिच्या पाठीशी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. वाड्यावरून हाक आली तर मात्र येणारे खुशीने आलेत की नाही म्हणायची सोय नाही म्हणून आलेत, हे वाचकाने ताडायचं. तिथे इर्जिक आणि वेठ यांच्यातली रेघ पुसट होते.

उलट बाजूही पाहा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीत शेकूकडे एकच बैल असतो आणि दुसऱ्या बाजूने त्याची बायको जोखडाला खांदा देते. सावड-पैरा काय असतो हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो प्रसंग दुप्पट लागतो, कारण ऐन हंगामात ज्याच्याशी जोडी जुळवायला कोणी मोकळं नाही अशा माणसाची ती अवस्था आहे.

पुढे ट्रॅक्टर आले, रोख मजुरी आली, दावणीचे बैल कमी झाले, तसा हा शब्द बोलण्यातून मागे पडला. कोशात पाहिलंत तर एका ओळीचा अर्थ मिळेल, पण कथा वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा: हाक कोणी दिली, कोण आलं आणि कोण आलं नाही. तुमच्या कथेतल्या म्हातारीचा तो स्वयंपाक म्हणजे येणाऱ्यांचा मान आहे. घरात दाणे कमी असतानाही ती पुरण घालत असेल, तर ते लेखकाने मुद्दाम लिहिलेलं आहे. रान पडीक राहू द्यायचं नाही आणि आलेल्या माणसाला कोरड्या भाकरीवर परत पाठवायचं नाही, हे दोन्ही तिला सांभाळायचंय.