साक्षीदार दारात आणि वकील नवा

प्रश्न: मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये उसाच्या बांधावरून भावकीत भांडण झालं आणि कोयत्याने मारल्याची केस माझ्यावर पडली. आमच्या वकिलांनी तब्येतीमुळे गेल्या आठवड्यात केस सोडली. येत्या शुक्रवारी फिर्यादी आणि डॉक्टर दोघांची साक्ष आहे. नव्या वकिलांना कागद वाचायला वेळ हवा. शिवाय चार्जशीट कन्नडमध्ये आहे, मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. कोर्ट तारीख पुढे देईल का?

उत्तर: देऊ शकेल, पण शुक्रवारी पुकारा झाल्यावर नुसतं 'साहेब, मुदत द्या' म्हणून नव्हे.

तुमचा गुन्हा 1 जुलै 2024 नंतरचा, म्हणून त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं) कलम 346 लागू होतं. साक्षीदार हजर असताना तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, द्यायची तर कोर्टाला विशेष कारण लिहावं लागतं. पक्षकाराच्या हाताबाहेरची अडचण असेल तरच मुदत मिळते, तीही दुसऱ्या बाजूचं ऐकून आणि जास्तीत जास्त दोनदा. 'आमचे सीनियर आज धारवाडला हायकोर्टात आहेत' हे आपल्याकडचं लाडकं कारण तर कायद्यानेच बाद केलंय.

तुमचं कारण मात्र खरं आहे. ते कागदावर आणा. जुन्या वकिलांनी केस सोडल्याचा मेमो आणि नव्या वकिलांचा वकालतनामा, दोन्हींच्या तारखा अर्जात लिहा. अर्ज शुक्रवारची वाट न पाहता आधीच दाखल करा आणि प्रत सरकारी वकिलांना द्या. डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवायला वेळ मिळाला, तर कोर्टाचा निम्मा राग तिथेच जातो. 'पुढची तारीख' असं मोघम न लिहिता दहा-बारा दिवसांनंतरची नेमकी तारीख मागा. 2019 च्या अनोखीलाल निकालात सुप्रीम कोर्टाने वकिलाला तयारीसाठी साधारण किमान सात दिवस तरी द्यावेत असं म्हटलंय. तो खटला फाशीचा आणि वकील मोफत कायदेसाहाय्यातले होते, तुमचा मॅजिस्ट्रेटपुढचा. तरी तत्त्व म्हणून दाखवता येईल.

कन्नडचा मुद्दा? त्यावर फार भिस्त ठेवू नका. चार्जशीट आरोपीच्या भाषेत नाही म्हणून ती बेकायदा ठरत नाही, आणि आरोपीच्या वकिलाला ती भाषा नीट येत असेल तर भाषांतर देण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये नरोत्तम धाकड प्रकरणात सांगितलंय. तुमचे नवे वकील कन्नड वाचत असतील तर हा मुद्दा तिथेच संपला. सीमाप्रश्नही तिथे काढू नका. त्या मॅजिस्ट्रेटपुढे फक्त बांधाचा प्रश्न आहे.

मुदत नाकारली तर? खरा धोका इथे आहे. वकील तयार नाहीत म्हणून गप्प उभे राहिले की जबाबाखाली 'उलटतपास नाही' अशी ओळ पडते आणि साक्षीदार गाडी पकडून घरी जातो. नंतर कलम 348 खाली त्याला परत बोलवता येतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं कारण, आणि बहुतेक वेळा खर्चही बसतो. त्यापेक्षा अर्धी तयारी दाखवा. जखमेचं प्रमाणपत्र छोटं असतं: जखम किती लांब, किती खोल, धारदार हत्याराची की पडून झालेली. एका संध्याकाळी वाचून होतं. डॉक्टरांचा उलटतपास शुक्रवारीच घ्या आणि फक्त फिर्यादीचा पुढे ढकलायची परवानगी मागा. फिर्यादीच्या साक्षीशी पोलिसांपुढचे जबाब आणि पंचनामा ताडून पाहावे लागतात, हे कारण मॅजिस्ट्रेटना पटतं. निम्मं काम उरकतंय म्हटल्यावर माझ्या अनुभवात मुदत लवकर मिळते.

साक्षीदाराचा येण्याजाण्याचा खर्च भरायला सांगितलं तर हुज्जत घालू नका, भरून पावती घ्या.

आणि तारीख वाढणारच, असं धरून शुक्रवारी घरी बसू नका. तुम्ही गैरहजर राहिलात तर वॉरंट निघेल आणि जामीनदाराच्या मागेही लचांड लागेल. साडेदहालाच पोचा.