फोर-के घ्यायचा का? आधी कुठला शॉट अडला ते सांग

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुझ्याकडं सेकंड हँड कॅनन ७००डी, तासगावात मित्रांनी मिळून दोन शॉर्टफिल्म केल्यात, तिसरी बेदाण्याच्या शेडवरची आहे, ती उन्हाळ्यात सीझन चालू असताना करायची, खिशात ८० हजार, आणि ग्रुपमधला एकजण रोज कान खातोय की फुल एचडीचा जमाना गेला, फोर-के घे, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र काढणारा कॅमेरा. तक्रारी तीन. किराणा दुकानातल्या सीनला काळे पट्टे पळतात, मावशीच्या साडीवर रंगांच्या लाटा नाचतात, आणि एकूणच 'पिक्चरसारखं वाटत नाही'.

मी मिरजेचा. २००४ पासून लग्नं शूट करतोय आणि मधल्या रिकाम्या दिवसांत हौसेच्या फिल्म्स, त्यामुळं हा 'घेऊ का नको' चा ताप मला तीनदा येऊन गेलाय. पहिला सांगतो कारण तो सगळ्यात महागात पडला.

तेव्हा माझ्याकडं मिनीडीव्हीचा, म्हणजे छोट्या कॅसेटवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा होता, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र देणारा. २००९ ला भिशी उचलली आणि एचडीव्हीचा कॅमेरा घेतला. एचडीव्ही म्हणजे तीच मिनीडीव्हीची कॅसेट, पण तिच्यावर १४४० बाय १०८० चं चित्र. कॅसेट तीच म्हणल्यावर मला वाटलं जुन्याच कॅसेटी घासू, काय फरक पडतोय. आता जुन्या डीव्हीत प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, सुटी असायची, टेपवर एखादा डाग आला तर एखादी फ्रेम खराब व्हायची, कुणाला कळायचंही नाही. एचडीव्हीत मात्र १२-१२ फ्रेमचा गठ्ठा बांधलेला, एक डाग आला की अर्धा सेकंदच गायब. हरिपूरच्या संगमावर शेवटचा शॉट घेतला होता, म्हातारा पाण्यात पाय टाकतो आणि मागं वळून बघतो, तर तो वळताना बरोब्बर गोठला. परत शूट करायला गेलो तोवर पाणी चढलेलं, पायऱ्याच दिसेनात.

एडिटला घरचा जुना पीसी. टाइमलाइनवर एक क्लिप ओढली की मी चहा पिऊन यायचो.

आणि मिशीची गंमत वेगळीच. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं, त्यामुळं आपल्याकडं हौशी नट म्हणा मेकअपवाले म्हणा, सगळे नाटकातून आलेले. त्यांचा मेकअप दहाव्या रांगेतून बघायचा असतो. एचडीत क्लोजअप लावला तर मिशीची जाळी दिसायला लागली, ओठावर गोंद चमकतोय, आणि सावकार डोळे वटारून बोलतोय तेव्हा सगळे हसतायत. जुन्या कॅमेऱ्यात तेच चित्र थोडं मऊ यायचं, खपून जायचं.

एवढं करून दाखवली कशावर? डीव्हीडीवर. डीव्हीडी किती? ७२० बाय ५७६! म्हणजे भिशी घालवून एचडीत शूट केलं आणि दाखवताना परत होतो तिथंच आलो, वर हॉलचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "मधे आवाज का कळत नव्हता?" चित्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही.

आता तुझ्या तक्रारींकडं येतो, कारण तुझ्या प्रश्नात मेगापिक्सेल आणि बजेट सगळं आहे पण कुठला शॉट कशामुळं अडला हे तू तपासलेलं दिसत नाही.

दुकानातले पट्टे फुकटात जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. तुझा कॅमेरा बहुतेक एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, आणि सेकंदाला ३० फ्रेमवर असणार, शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/६० सेकंद किंवा ऑटो. मेनूत व्हिडिओ सिस्टीम आपल्याकडची, म्हणजे पाल कर, २५ फ्रेम ठेव, शटर मॅन्युअलला १/५०. झालं. एखादा स्वस्तातला एलईडी बल्ब तरीही त्रास देतो, तो सरळ काढून दुसरा लाव. हे नीट केलं नाहीस तर लाखाच्या कॅमेऱ्यातही हेच पट्टे येणार.

'पिक्चरसारखं वाटत नाही' याची निम्मी भानगड त्याच शटरमध्ये आहे. दुपारच्या उन्हात चित्र पांढरं पडतं म्हणून आपण शटर १/१००० वर नेतो, मग चालणारा माणूस झटके खात चालल्यासारखा दिसतो. शटर १/५० वरच ठेवायचं आणि लेन्सपुढं एनडी फिल्टर लावायचा, कॅमेऱ्याला गॉगल घातल्यासारखं. उरलेली निम्मी भानगड उजेडाची. दुपारी बाराला शूट करू नका, सकाळी नऊच्या आत उरका, चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला थर्माकोलची शीट धरा, लग्नातल्या मांडववाल्याकडं पडलेली असते. आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सच्या जोडीला ५० एमएमची १.८ घे, ती उजेड जास्त आत घेते. ७००डी वर ती ८० सारखी दिसते, म्हणजे फ्रेममध्ये जागा कमी मावते, त्यामुळं खोलीत नीट बसत नाही, पण चेहऱ्याला झकास.

साडीवरच्या लाटा मात्र खऱ्या. त्याला मॉइरे म्हणतात आणि तिथं तुझा कॅमेराच कमी पडतोय. ७००डी चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, ५१८४ बाय ३४५६ ची, व्हिडिओला लागतात १९२० बाय १०८०, मग मधल्या ओळी तो चक्क गाळतो. बारीक रेघ, चौकडा, लांबून दिसणारी कौलं असलं काही फ्रेममध्ये आलं की गाळलेल्या ओळींचा आणि नक्षीचा मेळ बसत नाही, मग रंग नाचतात. मावशीला साधी सुती साडी नेसवली की संपलं, किंवा दोन पावलं पुढंमागं हो.

पण थांब, तुझी गोष्ट बेदाण्याच्या शेडवरची आहे ना? शेडमध्ये काय असतं? वरपासून खालपर्यंत रॅकच्या जाळ्या आणि बाजूनं हिरवं शेडनेट. म्हणजे अख्खी फ्रेमच साडी झाली की रे! साडी बदलता येते, शेड कशी बदलणार. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की गड्याला नव्या कॅमेऱ्याची खरंच गरज असू शकते, पण ती फोर-के नावामुळं नव्हे, तर सेन्सरच्या सगळ्या ओळी वाचणारा कॅमेरा पाहिजे म्हणून. असे कॅमेरे बहुतेक फोर-केच असतात, तो योगायोग समज.

फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, फुल एचडीच्या चौपट ठिपके. आणि फेस्टिव्हलसाठी लागेल म्हणतोस, तर थिएटरचं टू-के म्हणजे २०४८ बाय १०८०, तुझ्या फुल एचडीपेक्षा रुंदीला फक्त १२८ ठिपके जास्त. त्यामुळं 'मोठ्या पडद्यावर फुटेल' ही भीती मनातून काढ.

मग फोर-केचा फायदा नाहीच का, तर आहे, आणि माझ्यापुरता तो एकच. गेल्या फिल्ममध्ये आमच्या गल्लीतल्या एका आजींना घेतलं होतं. वय ८०, कॅमेरा कधी बघितलेला नाही, पण बोलतात अशा की वा. अडचण एकच, आजी एकदाच बोलणार. "परत बोला" म्हणलं की म्हणायच्या, "मघाशीच सांगितलं की तुला, ऐकू येत नाही का?" तेव्हा मित्राचा फोर-के कॅमेरा आणलेला, मिड शॉट, म्हणजे कमरेपासून वरचा, एकच घेतला आणि एडिटला फुल एचडीच्या टाइमलाइनवर त्याच टेकमधून क्लोजअप कापला. एका टेकचे दोन शॉट झाले, चित्र अजिबात फुटलं नाही. तुझ्या गोष्टीत शेडवर काम करणाऱ्या खऱ्या बायका घेणार असशील तर हे फार कामाला येईल.

बॉक्सवर फोर-के लिहिलंय म्हणून भुलू नको मात्र. कॅननचा एम५० घे उदाहरणाला, २०१८ चा, लग्नं शूट करणाऱ्यांकडं सेकंड हँड भरपूर फिरतो. त्यात फोर-के आहे, पण फोर-के लावलं की चित्र अजून १.६ पट कापून येतं, म्हणजे १८ ची लेन्स २९ सारखी वागते, आणि त्याचा चांगला ऑटोफोकस त्या मोडला बंद. शेडच्या दोन रॅकमधल्या बोळात उभा राहून वाइड शॉट घेशील कसा? फुल एचडीत तोच कॅमेरा गोड चालतो. आणि डेटा धर. ७००डी चा तासाला साधारण २० जीबी होतो, सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के ४५ जीबी. कार्ड वेगवान, व्ही-३० खुणेचं लागतं, दोन हार्ड डिस्क लागतात, लॅपटॉप जुना असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची हलकी नक्कल, बनवून एडिट करायला शीक, नाहीतर माझ्यासारखा चहा पीत बसशील.

आता आवाज. तुझ्या दोन्ही फिल्म बघितल्या, वाईट वाटून घेऊ नको, पण पहिल्या फिल्ममध्ये ऊसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जातोय तिथं मी बंद करणार होतो. तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाणा होतो तो कोरड्या वाऱ्याच्या जिवावर, आणि तोच वारा तुझ्या माईकचा काळ आहे, वर शेडनेट फडफडणार. ७००डी ला माईकचं भोक आहे पण हेडफोनचं नाही, म्हणजे काय रेकॉर्ड होतंय ते ऐकायची सोयच नाही. म्हणून एक छोटा रेकॉर्डर, दोन कॉलर माईक, एक केसाळ टोपीवाला माईक आणि साधे तारेचे हेडफोन एवढं आधी घे. हे पुढच्या चार कॅमेऱ्यांना पुरतं. माझा रेकॉर्डर तोच आहे, कॅमेरे तीन बदलले.

भाड्यानं घ्यायचं तर आपल्याकडं एक मेख आहे. बेदाण्याचा सीझन आणि लग्नसराई एकाच वेळी, तेव्हा तुला कुणीही कॅमेरा देणार नाही, मी पण नाही. कालनिर्णय काढ, मार्च-एप्रिलमधले मुहूर्त नसलेले दिवस बघ आणि आत्ताच कुणाला तरी शब्द टाकून ठेव. शिवाय माल रॅकवर टाकल्यापासून उतरेपर्यंत साधारण दोन-अडीच आठवडे जातात, हिरवी द्राक्षं रोज रंग बदलतात, ती बदलताना दाखवायची असतील तर कॅमेरा रोज हाताशी पाहिजे. ते मण्यांचे क्लोजअप तुझा ७००डी आरामात करेल, जवळून जाळी एवढी त्रास देत नाही. संवादाचे दोन दिवस तेवढा भाड्याचा आण. फक्त दोन्ही २५ फ्रेमवर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) हातानं सेट केलेले ठेव, नाहीतर कलर जुळवताना रडशील.

म्हणून माझं म्हणणं, ७००डी विकू नको, विकून येणार तरी किती. आवाजाचं सामान, एनडी आणि ५० ची लेन्स घे, बाकीचे पैसे बँकेत राहू दे. पितृपक्षात लग्नं नसतात, माझे दोन्ही कॅमेरे कपाटात पडून असतात. एखादा रविवार ये, शेडवर जाऊ, शेडनेट तेव्हा नसलं तरी रॅकच्या जाळ्या असतात. एकाच जागेवरून, एकाच माणसावर, तुझा आणि माझा असे दोन्ही कॅमेरे लावू आणि घरी टीव्हीवर लावून बघू. तुझ्या कॅमेऱ्यात जाळ्या नाचल्या आणि माझ्यात नाही नाचल्या तर उरलेल्या पैशात सेकंड हँड कुठला घ्यायचा ते त्याच दिवशी ठरवू, लग्नवाले विकायला काढतात ते मला कळतं. तुझ्या कॅमेऱ्यातही नाही नाचल्या तर तुझ्या त्या मित्राला टीव्हीसमोर बसव.

येताना रिकामं कार्ड आण, बॅटऱ्या चार्ज करून आण, आणि ती मावशीची साडी पण आण, जाळीवर वाळत घालून शूट करू.