पावसाळा, बारीक मूल आणि आजार: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडून तेच ते प्रश्न येतात. यंदा एकत्रच उत्तरं देतो.

प्र. ११ महिन्यांच्या बाळाला जुलाब होताहेत. सासूबाई म्हणतात, खाणं बंद करा.

उ. करू नका. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालूच ठेवा. दर जुलाबानंतर ओआरएस, आणि झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईकडे मिळतं. मूल तीव्र कुपोषित असेल, तर भराभर पाणी पाजणंही अंगाशी येतं. तेव्हा आधी दाखवा.

प्र. मुलगी लुकडी आहे. गोवराची लस सोसेल का?

उ. सोसेल. लुकडीला गोवर सोसत नाही.

प्र. दुकानदाराने वजन वाढायची पावडर दिलीय. किती चमचे देऊ?

उ. एकही नको. डब्यावरचं गुबगुबीत बाळ त्या पावडरीवर वाढलेलं नाही. त्याच पैशांत अंडी, शेंगदाणे, तेल आणा. खाऊनही वजन वाढत नसेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या.

प्र. महिन्यात वजन वाढलं, पावलंही भरली. बाळसं ना?

उ. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरा. खड्डा राहिला तर ती सूज आहे, वाढलेलं वजन पाण्याचं. आजच रुग्णालय गाठा.

प्र. मुलगा दीड वर्षाचा, दंडघेर ११ सेंमी. ताप नाही, पण श्वास घेताना पोट उडतंय. भुमका (गावचा वैदू) डंबा, म्हणजे पोटावर तापल्या सळईचा चटका, द्यायचा म्हणतो. दोन दिवस बघू का?

उ. दोन ताससुद्धा नको! ‘ताप नाही’ हे वाक्य ऐकून ऐकून मी वैतागलोय. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. अशा शरीरात ताप चढवण्याइतकंही बळ उरत नाही. न्यूमोनिया असतो आणि अंग उलट गार लागतं. आजारात भूक मरते, असलेलं अन्न जंतूंशी झगडण्यात खर्च होतं, मूल आणखी खंगतं आणि पुढचा आजार लवकर गाठतो. जगात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या बालमृत्यूंमागे कुपोषण असतं; दाखल्यावर मात्र न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिलेलं.

मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. या वयात ४० किंवा जास्त म्हणजे धोका. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका. तापल्या सळईने पोट भाजून फुप्फुस बरं होत नाही. भाजलेल्या जागी नवा जंतुसंसर्ग मात्र होतो. १०८ ला फोन करा. वाटेत मूल छातीशी उघड्या अंगाने धरा, वरून पांघरूण घ्या. भुमकाशी भांडू नका, त्यालाही गाडीत बसवा. त्याच्या शब्दावर घरचे लवकर निघतात.