टेबल सॉवर १८ मिमी प्लायसाठी खाच पाडायची आहे. दोन साधी ब्लेड एकत्र लावली तर चालेल का?

नाही, साधी दोन ब्लेड एकत्र कसू नयेत. एकाच ब्लेडने फेन्स (लाकूड सरळ सरकावे म्हणून टेबलावर असलेली आधारपट्टी) थोडी थोडी सरकवत शेजारी शेजारी काप घ्यावेत, किंवा खाचेसाठीच बनवलेला डॅडो संच वापरावा. कार्बाइडचे दात पात्यापेक्षा जाड असल्यामुळे चिकटून बसवलेल्या दोन ब्लेडचे दात एकमेकांवर घासतात आणि त्यांचे तुकडे उडू शकतात. डॅडो संचात बाहेरची दोन ब्लेड आणि मधले चिपर, म्हणजे मधले लाकूड कापून काढणारी पाती, असतात. प्लग काढून संच बसवताना चिपरचे दात बाहेरच्या ब्लेडच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत येतील असे पाहावे आणि उरलेली रुंदी पातळ चकत्यांनी जुळवावी. ब्लेड ज्यावर बसते तो शाफ्ट मात्र इतका लांब हवा, की नटाचे सगळे आटे त्यावर बसतील; तसे बसत नसतील, तर एकाच ब्लेडने काम करावे. हातात धरायच्या चार इंची कटरवर हा संच कधीही लावू नये. मुंबईत १८ मिमी म्हणून घेतलेली प्लाय प्रत्यक्षात थोडी कमी-जास्त भरते, शिवाय पावसाळ्यात फुगते, म्हणून जाडी कॅलिपरने मोजून आधी त्याच शीटच्या तुकड्यावर खाच पाडून पाहावी.