फ्रोझन ट्रान्सफरसाठी एचआरटी सायकल बरी की नॅचरल?

ताई, तुमची पाळी २८-३० दिवसांनी रेग्युलर येते आणि तरी डॉक्टर एचआरटीच म्हणतायत असं लिहिलंय तुम्ही, म्हणून उत्तर देतेय. फ्रोझन ट्रान्सफर म्हणजे आयव्हीएफमध्ये गोठवून ठेवलेला गर्भ नंतर गर्भाशयात सोडणं; एचआरटीत गर्भाशयाचं अस्तर बाहेरनं हार्मोन देऊन तयार करतात, नॅचरलमध्ये ते आपल्याच पाळीच्या चक्रावर होतं. मी डॉक्टर नव्हे, गारगोटीची पेशंट, ट्रीटमेंट कोल्हापुरात, दोन्ही प्रकार करून झालेत.

पहिल्यांदा एचआरटी. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनची २ एमजीची गोळी दिवसातून तीनदा, मोबाइलला तीन अलार्म, १२ व्या दिवशी सोनोग्राफीत अस्तर ८ एमएम आलं, मग प्रोजेस्टेरॉन चालू आणि त्याच्या सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचा गर्भ) आत सोडला. फेऱ्या कमी, तारीख आधीच ठरते, एसटीनं येणाऱ्याला लई सोयीचं. पण ह्यात आपलं अंडं फुटतच नाही, म्हणजे अंडाशयात कॉर्पस ल्युटियम (अंडं फुटल्यावर तिथं तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी ग्रंथी) नाही, त्यामुळं राहिलं तरी १०-१२ आठवडे प्रोजेस्टेरॉन बाहेरनंच घ्यायचं. माझी तेलातली इंजेक्शनं होती, कमरेखाली सुपारीएवढ्या गाठी, आई रोज रात्री मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची. तेवढं करून निगेटिव्ह.

दुसऱ्यांदा नॅचरल. १० व्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिकल (अंड्याची पिशवी) बघायला पळायचं, १८ एमएम झाल्यावर अंडं फुटायला एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन, त्यानंतर सातव्या दिवशी ट्रान्सफर. औषधं नावालाच, पण तारीख आपल्या हातात नाही, मावसबहिणीची हळद सोडून मी शाहूपुरीत सोनोग्राफीच्या रांगेत.

दुसऱ्यांदा राहिलं, पण ते नॅचरलमुळंच असं मी म्हणणार नाही, रेग्युलर पाळीवाल्यांत दोन्हीचा रिझल्ट साधारण सारखाच येतो. खरा फरक पुढं आहे, एचआरटीत राहिलेल्या बायकांना गरोदरपणात बीपी वाढायचा, प्रीएक्लॅम्पसियाचा (बीपी वाढून किडनी-लिव्हरलाही त्रास होतो त्याचा) धोका जास्त दिसलाय, कॉर्पस ल्युटियम नसणं हे त्याचं एक कारण मानतात. घरात कुणाला बीपी असेल तर हे आधी बोला. पीसीओएसवाल्यांचं (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणाऱ्यांचं) वेगळं, अंडं बऱ्याचदा आपणहून वाढत नाही, तिथं एचआरटी नाहीतर लेट्रोझोलची गोळी देऊन अंडं वाढवतात.

डॉक्टरांना सरळ विचारा, माझं अंडं फुटतंय तर एचआरटी कशाला? कधीकधी कारण फक्त सेंटरच्या रविवारच्या सुट्टीचं असतंय.

आणि हो, ट्रान्सफरला ब्लॅडर भरून या म्हणतात, पण पाणी सेंटरवर पोचल्यावरच प्या. मी गारगोटीतच बाटली संपवली, कळंब्यापासून पुढं काय हाल झाले ते माझं मलाच माहीत.